केव्हीएमला लावलेली हार्ड डिस्क तिन्ही सर्व्हरवर कशी चालवायची?

सूतगिरणी | शुक्रवार, रात्री ९.४०

मंडळी, जरा अडकलोय.

इचलकरंजीत एका सूत व्यापाऱ्याच्या पेढीवर कॉम्प्युटरचं सगळं मी बघतो. जिन्याखालच्या खोलीत तीन मशिनं आहेत. पहिलं विंडोज सर्व्हर २०१९, त्यावर टॅली. दुसरं उबुंटू लिनक्स, त्यावर बिलांचे स्कॅन आणि बाकी फायली. तिसरं विंडोज ७ चं जुनं धूड, त्यावर कापडाच्या डिझाइनचं सॉफ्टवेअर. ते डोंगल (लायसन्सची यूएसबी चावी) लावल्याशिवाय उघडत नाही आणि विकणारा कधीच धंदा गुंडाळून गेला.

तीन मॉनिटर ठेवायला जागा नाही, म्हणून चार पोर्टांचा केव्हीएम स्विच घेतला. एक मॉनिटर, एक कीबोर्ड, एक माउस. इथवर झकास. स्विचच्या पुढच्या अंगाला एक जादा यूएसबी पोर्ट दिसला. म्हटलं २ टीबीची पोर्टेबल डिस्क इथंच लावू. ज्या मशीनवर जाऊ तिथं डिस्क दिसेल, तिघांचा बॅकअप एकाच ठिकाणी. विंडोज आणि उबुंटू दोन्हीकडे चालावी म्हणून एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट केली. दोन आठवडे चाललं पण.

मंगळवारी उबुंटूवरून स्कॅनचा फोल्डर टाकला, ४० जीबीच्या आसपास. कॉपीची पट्टी शेवटाला गेली, खिडकी मिटली. मी स्क्रोल लॉक दोनदा मारून टॅलीवर आलो, तर विंडोज म्हणतंय डिस्क वापरायच्या आधी फॉरमॅट करा. अजून केलेली नाही. ऑडिटची ३० सप्टेंबर तोंडावर आहे आणि मालक तासातासाला 'झालं का रं?' म्हणून डोकावतायत.

दोन प्रश्न. डिस्क वाचेल का? आणि तिन्ही मशीनला एकाच वेळी डिस्क दाखवणारा केव्हीएम मिळतो का?

पेंग्विनपंथी | शुक्रवार, रात्री ९.५८

उबुंटूवर केव्हीएम असेल तर सोपं आहे. व्हर्च्युअल मशीनच्या सेटिंगमध्ये यूएसबी पासथ्रू द्या, डिस्क थेट गेस्टमध्ये दिसेल. मी घरी असंच केलंय.

खट्याळ कर्सर | शुक्रवार, रात्री १०.०३

पेंग्विनपंथी, तो वेगळा केव्हीएम! तुमचा तो २००७ साली लिनक्स कर्नलच्या २.६.२० आवृत्तीत आलेला व्हर्च्युअल मशीनवाला. यांचा म्हणजे कीबोर्ड, व्हिडिओ, माउस, बटण दाबलं की खट्कन वाजणारा डबा. नाव एक, घराणी दोन.

पेंग्विनपंथी | शुक्रवार, रात्री १०.०५

अरे हो की. शीर्षक वाचून उडी मारली. चालू द्या.

मध्यरात्रीचा पहारा | शुक्रवार, रात्री ११.२०

सूतगिरणी, आधी डिस्क केव्हीएममधून काढून बाजूला ठेवा. फॉरमॅटला 'नाही' म्हणालात तेच मोठं काम झालं. आता कुठल्याही मशीनला लावून 'बघू तरी' करू नका. तेवढ्याच किंवा मोठ्या क्षमतेची दुसरी डिस्क आणा, उबुंटूवर डीडीरेस्क्यू वापरून जशीच्या तशी नक्कल काढा आणि जे काय उपद्व्याप करायचे ते नकलेवर करा. मूळ डिस्कला हात नाही.

आता झालं काय ते सांगतो.

केव्हीएमचा तो जादा पोर्ट म्हणजे आत बसवलेला साधा यूएसबी हब आणि त्या हबची वायर या मशीनकडून त्या मशीनकडे फिरवणारा स्विच. यूएसबीत डिस्कचा मालक एका वेळी एकच. तुम्ही बटण दाबता तेव्हा पहिल्या मशीनच्या लेखी कुणीतरी डिस्क उपटून नेली. 'सेफली रिमूव्ह' वगैरे काही होत नाही, स्विचला फाइल सिस्टीम (डिस्कवर फायली मांडायची पद्धत) म्हणजे काय हेच माहीत नसतं. तुमच्या गावच्या भाषेत, चालत्या मागातला धोटा काढून शेजारच्या मागावर टाकलात.

पट्टी शंभर टक्के झाली होती, मग तरी कसं, असं विचाराल. लिनक्स कॉपी करताना आधी रॅममध्ये लिहितं आणि मग सवडीनं डिस्कवर उतरवतं. नेहमीच्या सेटिंगला रॅममधलं लिखाण ३० सेकंदांनी जुनं धरलं जातं आणि तेव्हा कुठे त्याचा नंबर लागतो. डिस्क सावकाश असेल तर रांग आणखी लांबते. खिडकी मिटली तेव्हा शेवटचे काही गिगाबाइट बहुधा रॅममध्येच होते. सोबत डिस्कवरचा 'कुठे काय ठेवलंय' हा तक्ताही अर्धवट राहिला असणार. एक्सफॅटला जर्नल नाही, म्हणजे अर्धवट राहिलेलं काम पुन्हा जुळवून घ्यायची सोय नाही.

आणि दोन आठवडे सुखरूप का चाललं तेही सांगतो. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून, आणि त्याच पिढीच्या सर्व्हर २०१९ मध्ये, बाहेरच्या डिस्कसाठी 'क्विक रिमूव्हल' आपसूक चालू असतं. विंडोज लिखाण फारसं रॅममध्ये साठवत नाही. तुम्ही बहुतेक वेळा टॅलीवरूनच बॅकअप घेत असणार. उबुंटूनं पहिल्याच मोठ्या कॉपीला दणका दिला.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सकाळी लिहितो, इथे एक यूपीएस बोंबलतोय.

लाल दिवा | शनिवार, सकाळी ७.१५

पहारेकरी झोपलेत तोवर मी माझं पाप सांगते.

एका कॉलेजच्या लायब्ररीचे दोन सर्व्हर माझ्याकडे होते, दोन्ही लिनक्स. हीच अक्कल मी पाजळली होती: केव्हीएमला डिस्क आणि रात्री दोनला क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) आरसिंक या कॉपीच्या कमांडनं बॅकअप. एका संध्याकाळी मी दुसऱ्या सर्व्हरवर काम करून स्विच तसाच ठेवून घरी गेले. रात्री दोनला पहिल्या सर्व्हरवर स्क्रिप्ट उठली. डिस्क जिथे माउंट व्हायची, म्हणजे जोडली जायची, तो फोल्डर होता, फक्त त्यात डिस्क नव्हती. आरसिंकला काय, फोल्डर दिसला, भरायला सुरुवात. सगळा बॅकअप सर्व्हरच्या स्वतःच्याच डिस्कवर. पहाटेपर्यंत मूळ पार्टिशन शंभर टक्के भरलं, डेटाबेस बसला आणि सकाळी काउंटरवर पोरं पुस्तकं हातात धरून रांगेत. लॉगमध्ये मात्र 'बॅकअप यशस्वी'. त्या दोन शब्दांकडे मी बराच वेळ बघत बसले होते.

तेव्हापासून स्क्रिप्टची पहिली ओळ 'माउंटपॉइंट' ही कमांड असते. डिस्क खरंच जागेवर नसेल तर तिथेच थांब आणि मला मेल टाक.

अजून एक. एफएसटॅबमध्ये (बूट होताना कुठली डिस्क कुठे जोडायची ती यादी) बाहेरच्या डिस्कची ओळ लिहिणार असाल तर यूयूआयडी (डिस्कचा ओळख क्रमांक) लिहा आणि 'नोफेल' लावा. डिस्क जागेवर नसताना सर्व्हर रीस्टार्ट झाला आणि 'नोफेल' नसेल, तर तो दीड मिनिट वाट बघतो आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतो. लाइट जाऊन आली की हमखास.

मध्यरात्रीचा पहारा | शनिवार, सकाळी ११.०५

लाल दिवाताईंनी माझं अर्धं काम केलं.

तिन्हींना एकदम दिसणारी डिस्क. समजा असा डबा मिळालाच, तरी घेऊ नका. पेढीवर एकच खतावणी आहे आणि दोन मुनीम. दोघांनी सकाळी तिची झेरॉक्स काढली, दिवसभर आपापल्या झेरॉक्सवर नोंदी केल्या आणि संध्याकाळी दोघांनीही आपलं पान मूळ वहीवर चिकटवलं. एक्सफॅट, एनटीएफएस, ईएक्सटी४, सगळ्यांचं गृहीत एकच: या डिस्कवर लिहिणारा मी एकटा. एका डिस्कवर अनेक मशिनांनी लिहायचं तर जीएफएस२, ओसीएफएस२ असल्या क्लस्टर फाइल सिस्टीम लागतात. ते प्रकरण जिन्याखालच्या खोलीचं नाही.

तुम्हाला जे हवंय त्याला केव्हीएम लागतच नाही. डिस्क उबुंटूच्या मागच्या यूएसबी ३ पोर्टला थेट लावा. ईएक्सटी४ करा. सांबानं (लिनक्सचे फोल्डर विंडोजला नेटवर्कवरून दाखवणारं सॉफ्टवेअर) शेअर करा. टॅलीचं मशीन आणि ते विंडोज ७ दोघंही नेटवर्कवरून त्यावर लिहितील. लिहिणारा उबुंटू एकटाच, बाकीचे त्याला सांगणार. विंडोज ७ ला एसएमबी (नेटवर्कवर फायली शेअर करायची विंडोजची भाषा) २.१ येतं, तेव्हा त्याच्यासाठी सांबात जुनं एसएमबी १ उघडू नका. २०१७ चा फायली ओलीस धरणारा वॉनाक्राय त्याच दारानं शिरला होता.

नेटवर्क सावकाश म्हणाल तर हिशेब बघा. बऱ्याच केव्हीएमचा हब यूएसबी २ चा असतो. कागदावर ४८० मेगाबिट, हातात सेकंदाला ३५ मेगाबाइट मिळाले तरी खूप. २०० जीबी उतरवायला दीड तासाच्या वर. गिगाबिट लॅनवर सेकंदाला ११० च्या आसपास मिळतात, तेच काम अर्ध्या तासात. डब्याच्या बटणापेक्षा लॅनची वायर तिप्पट वेगाची आहे.

नवी खिडकी | शनिवार, दुपारी १२.३०

वाचतेय, छान चाललंय. पण मग कंपन्या तो पोर्ट देतात कशाला?

मध्यरात्रीचा पहारा | शनिवार, दुपारी १२.४५

प्रिंटर, हेडसेट, वेबकॅम यांच्यासाठी. आणि बूट पेन ड्राइव्हसाठी. व्हेंटॉय टाकलेला एक पेन ड्राइव्ह मी तिथे लावतो, त्यात विंडोज, उबुंटू, मेमटेस्ट, क्लोनझिला सगळ्यांच्या आयएसओ फायली. ज्या मशीनला बरं नाही तिकडे स्विच फिरवायचा आणि बूट करायचं. तिथून नुसतं वाचायचं असतं, म्हणून निभतं.

आजोबा डॉस | शनिवार, दुपारी १.१०

आमच्या वेळी प्रिंटरसाठी ए-बी स्विच बॉक्स यायचा. पत्र्याचा डबा, पुढे गोल खटका, मागे २५ पिनांचे पोर्ट. दोन पीसी, एक डॉट मॅट्रिक्स. प्रिंट चालू असताना शेजारच्यानं खटका फिरवला की अर्धं पगारपत्रक आणि अर्धं प्रेमपत्र एकाच कागदावर. ऑफिसात एक लग्न त्यावरून मोडलं असं म्हणतात, मी नव्हतो तिथे.

सांगायचा मुद्दा, कागद फाडून टाकता यायचा.

वायरमन | शनिवार, दुपारी ३.५०

एक गोष्ट कुणी विचारली नाही. सूतगिरणी, तुमच्या केव्हीएमला स्वतःचा अडॅप्टर लावलाय का, का तो कॉम्प्युटरकडूनच करंट ओढतोय? यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो. त्यातून स्विच स्वतः जगणार, कीबोर्ड, माउस जगणार, उरलेल्यावर तुमची डिस्क फिरणार. अडीच इंची डिस्कला फिरायला सुरुवात करताना त्याहून जास्त लागतं. डिस्कमधून 'टिक… टिक… टिक' आवाज येत होता का? तो डिस्क उपाशी असल्याचा आवाज. अडॅप्टरची जागा डब्यामागे असते आणि अडॅप्टर बहुतेकांच्या खोक्यातच राहतो.

दुसरं. केव्हीएमच्या वायरींनी तिन्ही मशिनांचं ग्राउंड एकमेकांना जोडलं जातं. तिन्ही एकाच यूपीएसवर, एकाच अर्थिंगवर ठेवा. यंत्रमागाच्या शेजारी खोली असेल तर न्यूट्रल-अर्थमधलं व्होल्टेज मीटर लावून बघाच. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियन, मग सॉफ्टवेअर.

सूतगिरणी | शनिवार, रात्री ८.३०

वायरमनकाका, अडॅप्टर खोक्यातच होता! शपथ. आणि टिक टिक यायचं, मला वाटलं डिस्क असाच आवाज करते.

पहारेदादा, कोल्हापुरातून ४ टीबीची डिस्क आणली, नक्कल काढायला लावलीय.

मधल्या मधे अजून एक शंका. आमच्याकडे पेन ड्राइव्ह कीबोर्डच्या पोर्टला लावला तर कुठंच दिसत नाही, पुढच्या पोर्टला दिसतो. पोर्ट गेलाय का?

खट्याळ कर्सर | शनिवार, रात्री ८.५०

गेलेला नाही. बऱ्याच स्विचमध्ये कीबोर्ड-माउसचे दोन पोर्ट सोंगाडे असतात. तुम्ही दुसऱ्या मशीनवर गेलात तरी पहिल्या मशीनला कीबोर्ड अजून जागेवर आहे असं भासवत राहतात. तसं नसतं तर प्रत्येक बटणाला विंडोजचं 'डुंग' वाजलं असतं आणि काही मशिनं कीबोर्ड नाही म्हणून बूटलाच अडली असती. सोंग फक्त कीबोर्ड-माउसचं येतं, पेन ड्राइव्हचं नाही.

मॉनिटरचंही तसंच. ईडीआयडीचं (मॉनिटर मशीनला स्वतःची ओळख देतो ती माहिती) सोंग घेणारा स्विच नसेल तर मशीनला मॉनिटर गेल्याचं कळतं आणि परत आलात की खिडक्या भलतीकडे, रिझोल्यूशन भलतंच. केव्हीएम घेताना पोर्ट किती हे सगळे मोजतात, ईडीआयडीचं कुणी विचारत नाही.

हॉटकी बदलता येत असेल तर बदला. माझ्या आधीच्या स्विचला कंट्रोल दोनदा दाबलं की पोर्ट बदलायचा. एक्सेलमध्ये कॉपी-पेस्ट करता करता मी दिवसातनं चारदा चुकीच्या सर्व्हरवर पोचायचो. आणि मॅन्युअलमध्ये 'ऑटो स्कॅन' दिसलं तर ते बंद आहे ना बघा. त्यात स्विच आपणहून काही सेकंदांनी पुढच्या मशीनवर जातो. डिस्क लावलेली असताना ते चालू झालं तर विचार करा.

तिसरा पोर्ट | रविवार, सकाळी १०.२५

थोडं वेगळं मत. केव्हीएमवर डिस्क कधीच नको, असं नाही. काही स्विचमध्ये यूएसबी हब आणि स्क्रीन वेगवेगळे फिरवता येतात. म्हणजे स्क्रीन टॅलीवर नेली तरी हब उबुंटूवरच बांधलेला राहतो. माझ्याकडे तसा आहे, वर्षभर डिस्क लावलीय, त्रास नाही. तुमच्या स्विचचं मॅन्युअल बघा.

फिरवायचीच वेळ आली तर आधी विंडोजवर 'इजेक्ट', लिनक्सवर 'यूमाउंट'. टाइप करताना लक्षात ठेवा, यूच्या पुढे 'एन' नाही. त्या कमांडला वेळ लागतो तो वेळ म्हणजे रॅममधलं डिस्कवर उतरणं. घाई करून कंट्रोल-सी मारू नका.

आणि बूटच्या कामासाठी मी आता पायकेव्हीएमवर गेलोय. रास्पबेरी पाय ४ वर बसवायचं. ब्राउझरमधून बायोससुद्धा दिसतं, आणि आयएसओ फाइल दिली की ती सर्व्हरला सीडी लावल्यासारखी दिसते. पुण्यातून गावाकडच्या मशीनवर ओएस टाकली आहे मी असं.

लाल दिवा | रविवार, सकाळी १०.४०

पायकेव्हीएम चांगलंच, पण कृपा करून राउटरवर पोर्ट उघडून थेट इंटरनेटवर नको. त्याच्यासमोर बसलेला माणूस म्हणजे सर्व्हरसमोर बसलेला माणूस. व्हीपीएनमधूनच आणि पहिल्या दिवशी पासवर्ड बदलून.

ब्रँडेड सर्व्हर असतील तर आधी त्यांची पाठ बघा. डेलला आयड्रॅक, एचपीईला आयएलओ असतं, वेगळा लॅन पोर्ट असतो. तेच काम, फक्त व्हर्च्युअल सीडीसाठी बहुतेक वेळा वरचं लायसन्स लागतं.

सूतगिरणी, डोंगल कुठे लावलाय? केव्हीएममध्ये नाही ना?

सूतगिरणी | रविवार, सकाळी ११.०२

…केव्हीएममध्येच हाय. हबवर. म्हणूनच ते डिझाइनवालं सॉफ्टवेअर 'लायसन्स सापडत नाही' म्हणून मधनंच बंद पडतं होय! डिझाइनर पोरगं सहा महिने मला शिव्या घालतंय आणि मी त्याला.

लाल दिवा | रविवार, सकाळी ११.०४

काढा. विंडोज ७ च्या पाठीला थेट. आणि वरून टेप लावा.

सूतगिरणी | पुढचा शुक्रवार, रात्री १०.१५

हालहवाल सांगतो.

नकलेवर चेकडिस्क चालवलं तर म्हणालं 'रॉ' (फाइल सिस्टीम ओळखता न येणाऱ्या) ड्राइव्हवर चालत नाही. पहारेदादांनी खाजगीत टेस्टडिस्क सुचवलं. एक्सफॅट बूट सेक्टरची (डिस्कची मांडणी सांगणारा सुरुवातीचा भाग) एक जादा प्रत डिस्कवरच ठेवतं, ती मूळ जागी आणली आणि फोल्डर दिसले! टॅलीचे बॅकअप सगळे उघडले, एक एक रिस्टोअर करून बघितला. मंगळवारच्या स्कॅनमधल्या शेवटच्या साताठशे फायली नावापुरत्या आहेत, उघडत नाहीत. मूळ स्कॅन उबुंटूवर होतेच, म्हणून गेलं काहीच नाही. धास्तीनं वजन दोन किलो गेलं तेवढंच.

आता जुनी डिस्क ईएक्सटी४ करून उबुंटूच्या पाठीला, सांबा शेअर, रात्री एकला टॅलीचा बॅकअप तिकडं, स्क्रिप्टची पहिली ओळ लाल दिवाताईंची. ४ टीबीची दर शनिवारी लावायची, कॉपी झाली की यूमाउंट करून काढायची आणि मालकांच्या घरच्या कपाटात. एक डिस्क कायम वायरीपासून सुटी पाहिजे हे त्यांना पटवायला वॉनाक्रायची गोष्ट कामाला आली. तिन्ही मशिनं एका यूपीएसवर आणली. केव्हीएमला अडॅप्टर लावला, त्याच्या हबवर आता काहीच नाही.

वायरमन | पुढचा शुक्रवार, रात्री १०.३०

न्यूट्रल-अर्थ मोजलं का?

सूतगिरणी | पुढचा शुक्रवार, रात्री १०.३४

मोजलं काका. ११ व्होल्ट निघालं. इलेक्ट्रिशियन सोमवारी येतोय, खड्ड्यात मीठ-कोळसा नवा घालणार.

आजोबा डॉस | पुढचा शुक्रवार, रात्री १०.४१

सोमवारपर्यंत चप्पल घालून काम करा.

सूतगिरणी | तीन आठवड्यांनी, सोमवार, सायंकाळी ६.२०

अर्थिंग झालं, दीड व्होल्टवर आलं. धागा वर काढायचं कारण वेगळंच.

पुढच्या पोर्टावर मी कागद चिकटवला होता, 'इथे डिस्क लावू नये'. आज स्विच फिरवला की खोलीत कुठंतरी 'टुंग' वाजायचं. परत फिरवला, परत टुंग. अर्धा तास तिन्ही मशिनांचे लॉग बघत होतो. शेवटी वायर धरून मागं मागं गेलो, तर रॅकच्या वर, हिशेबाच्या वह्यांवर, मालकांचा मोबाइल चार्जिंगला.

म्हणाले, 'डिस्क लावू नये असं लिवलंय रं. मी कुठं डिस्क लावलीय?'